मातीचा साक्षीदार

त्र्याहत्तर सालच्या दुष्काळी उन्हाळ्यात मी सव्वीस वर्षांचा होतो आणि जगातलं सगळं मला कळत होतं. लोहाऱ्याजवळच्या पाझर तलावाचं काम आमच्या मजूर सहकारी संस्थेनं घेतलं होतं आणि मी तिथला मोजणीचा मिस्त्री. हातात फीत, कानावर पेन्सिल आणि नाकावर राग. चारशे माणसं माझ्या फितीला भीत होती आणि ती मलाच भितात असा माझा समज होता.

मोजणीची रीत सोपी होती. तलावाच्या पाळीसाठी जिथून माती काढायची, तिथं प्रत्येक टोळीला एक चौकोन आखून द्यायचा. टोळीनं खोदत खाली जायचं, पण चौकोनाच्या आत मातीचा एक खांब न खोदता उभा ठेवायचा. त्याला म्हणायचं साक्षीदार. शेजारीपाजारी सगळेच खोदत, त्यामुळं कडा उरत नसत. मूळ जमीन किती उंच होती हे सांगणारा तो एकटाच. त्याची उंची तीच खड्ड्याची खोली. साक्षीदार पडला की माप गेलं, आणि माप गेलं की पंधरवड्याचा घाम गेला.

लबाडीही तेवढीच सोपी होती. साक्षीदाराच्या डोक्यावर दोन घमेली माती थापली की खड्डा बसल्या जागी खोल. याला आम्ही टोपी घालणं म्हणायचो. एरवी डोक्यावरचं गवत पाहून टोपी ओळखता यायची, पण त्या साली गवतच कुठं होतं? टोपी सापडली की टोळी कामावरून बंद, असा संस्थेचा ठराव होता. त्या उन्हाळ्यात काम बंद म्हणजे चूल बंद.

श्रीपतीची टोळी बौद्धवाड्यातली, चौदा माणसांची, असल्या कामावर पहिल्यांदाच आलेली. त्यांचा साक्षीदार दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांपेक्षा चांगला वीतभर वर डोकं काढून उभा होता. बाकीचे खड्डे साडेतीन फूट, यांचा पाच. फीत लावली आणि माझं डोकं तापलं. चोर सापडल्याचा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू?

"श्रीपती, टोपी घातलीस!" मी सगळ्यांदेखत ओरडलो. वयानं माझ्या बापाच्या जागचा माणूस, पण मी त्याला अरेतुरे करत असे. आज त्याची लाज वाटते.

"न्हाय वो मिस्त्री," श्रीपतीनं हात जोडले. "चिमूटभर माती वर ठिवली न्हाय आमी."

"मग काय शेजाऱ्यांची जमीन खचली?"

संस्थेचे चेअरमन आबाराव कापडाच्या सावलीतून उठून आले. मोठे शेतकरी, तलावात त्यांचंही रान गेलेलं. माणूस वाईट नव्हता, पण ठरावावर फार जीव. "ठराव म्हंजे ठराव," ते म्हणाले. "टोळी बंद करा."

तेवढ्यात श्रीपतीची बायको भिमाबाई टिकाव खाली ठेवून पुढं आली. पदर खोचलेला, कपाळ धुळीनं पांढरं.

"मिस्त्री, साक्षीदाराला इचारल्याबिगर निकाल देता व्हय?"

"मातीचा खांब काय बोलणार?"

"लई बोलंल. ह्या समद्या शिवारात जे हाय, ते त्याच्या पोटात हाय. वर काळी, मधी चुनखडीची रेघ, खाली मुरूम. वरपासून उभा कापा त्याला. वरची माती परकी असंल तर उघडी पडंल."

श्रीपती हबकला. "अगं, कापताना पडला तर? समदं माप जाईल."

"चोरटेपणाचा डाग घिऊन माप काय चाटायचंय? कापा मिस्त्री, म्या सांगते."

तिच्या आवाजात विनवणी नव्हती. मला त्याचाही राग आला, आणि मी फावडं उचललं.

वरून एक फाक कापून काढली. काळी माती एकजीव, सांधा कुठंच नाही. मग भिमाबाईनं बोटानं माती उकरली आणि आतून दोऱ्याएवढी एक मुळी मोकळी केली. कुंदा गवताची. वर वाळून कोळ झालेल्या बुडख्यापासून निघून ती काळीतून सरळ खाली, चुनखडीच्या रेघेतूनही पार गेली होती. कुठंच तुटलेली नव्हती. थापलेल्या मातीतून अशी मुळी कोण ओवणार?

आबाराव वाकून बघत होते. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरं, हितनं तर आमच्या शेजारच्या उत्तरेश्वराच्या रानाचा बांध जात व्हता! म्या सवता बैलं हाकलीत ह्याच्यावरनं. खांब बांधावर ऱ्हायलाय."

"बांधावर कशाला ठेवला?" मी विचारलं.

श्रीपती खाली मान घालून म्हणाला, "साक्षीदार म्हंजे मोठा मानूस. त्याला खोलगटात कसं बसवायचं? म्हनून उंचवटा बघून ठिवला."

लोक हसले. मीही हसलो असतो, पण त्याच वेळी खांबानं कर्र केलं. पावसाविना चिरफाळलेली माती, तिची एक बाजू मी कापलेली. सगळा साक्षीदार आडवा झाला आणि ढेकळांचा ढीग उरला.

हसू थांबलं. टोळीतली एक म्हातारी मटकन खाली बसली. लबाडी नव्हती हे सिद्ध झालं होतं, पण आता मापच नव्हतं, आणि ते मी घालवलं होतं. मापाशिवाय वहीत काय लिहू? आबारावांकडं पाहिलं तर ते ठराव आठवत होते.

भिमाबाई मात्र शांत होती. "एक गेला म्हनून काय झालं? ह्या अंगाला महारुद्राच्या टोळीचा हाय, त्या अंगाला धुरपदाबाईच्या टोळीचा हाय. जमीन एकच हाय न्हवं? आमच्यात जे व्हतं तेच त्यांच्यात हाय. त्यांच्या डोस्क्यावरनं दोरी ताना, म्या मधी हुबी ऱ्हाते."

माझे वडील कीर्तन करायचे. 'पिंडी ते ब्रह्मांडी' हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि बुक्का लावून घरी जाण्यापलीकडं त्याचं काही केलं नव्हतं. माझ्याजवळ फीत होती, दोरी होती, चार बुकं शिकलेलं डोकं होतं. तरी एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. तिला सुचली, कारण ती त्या खांबाकडं एकटा खांब म्हणून बघतच नव्हती.

दोन्ही साक्षीदारांच्या माथ्यावर माणसं दोरी धरून उभी राहिली. दोरी ताणली. ढेकळं बाजूला सारून भिमाबाई खड्ड्याच्या तळाला पाय रोवून ताठ उभी राहिली. दोरी तिच्या हनुवटीला लागली. मी फीत सोडली. चार फूट तीन इंच. बांधाची वीत आपोआप वजा झाली होती, तरीही साऱ्या रांगेत तोच खड्डा सगळ्यात खोल होता.

"बघा तरी," आबाराव म्हणाले आणि पागोटं सारखं करायला लागले.

मी माप वहीत लिहिलं. मग चारशे माणसांदेखत म्हणालो, "श्रीपतीबुवा, चूक माझी. तुम्हाला चोर म्हणालो ते मागं घेतो." बोलायला जड गेलं, पण बोललो. श्रीपतीनं उपरणं झटकलं.

भिमाबाईनं उत्तर दिलं. "बरं झालं. आता पुढचा खड्डा आखून द्या. आन साक्षीदार कुठं ठिवायचा ते ह्या खेपंला तुमीच दावा, न्हाय तर आमी पुन्ना उंचावर बसवू."

मी पुढच्या सपाट जागेवर चौकोन आखला आणि मधोमध टाचेनं गोल काढला, मोठ्या रुबाबात. ती जवळ आली, खाली बसली आणि तळहातानं वरची धूळ पुसली. खाली बोटभर रुंद फट होती, माझ्या गोलाच्या बरोबर मधून गेलेली.

"हितं नगं, मिस्त्री," ती म्हणाली. "पडंल."

तिनं हातभर बाजूला आपल्या टाचेनं दुसरा गोल काढला, आणि मी माझा पुसून टाकला.