भिमाची कणसं

ईश्वरप्पा मास्तर माळशिरसच्या शाळेतून निवृत्त झाले आणि सोलापुरात बाळीवेशीजवळ स्वतःच्या घरात राहायला आले. हातात आलेल्या पैशातून त्यांनी फ्रीज घेतला, तोही बायकोच्या, कमलम्माच्या हट्टापायी. गल्लीत तो पहिलाच. माळशिरसला त्यांच्या शेजारी भिमा राहायचा. विहिरीच्या पाण्यावर तो मका करी आणि दर भाद्रपदात कोवळ्या कणसांचं पोतं एसटीच्या टपावर टाकून सोलापूरला आणून देई. कमलम्मा त्याचे दाणे काढून बर्फाच्या कप्प्यात ठेवायची, म्हणजे थंडीत उसळ करता येई.

पंच्याहत्तर सालच्या भाद्रपदात भिमा आला, तेव्हा कमलम्माला जाऊन तीन महिने झाले होते. भिमाला ते माहीत नव्हतं. मास्तरांनी सगळ्यांना पत्रं टाकली होती, भिमाचं तेवढं राहून गेलं होतं.

"अक्का कुटं हायत?" पोतं ओसरीवर टेकवत भिमानं विचारलं.

"अक्कलकोटला गेलीय," मास्तर म्हणाले. "माहेरी."

आपण असं का बोललो, हे त्यांना कळलं नाही. कळावं असंही वाटलं नाही. लेक विजापूरहून येऊन पंधरा दिवस राहून गेली होती. तेव्हापासून ते दोन वेळा जेवत होते, वर्तमानपत्र वाचत होते आणि संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत जाऊन येत होते. सगळं चालू होतं, पण आत काही हलत नव्हतं.

"मग पंचाईत झाली की," भिमा म्हणाला. "अक्का म्हनत्यात, तोडल्या दिवशीच उकळाय पायजे, न्हाय तर गोडी जाती. आज पहाटंच तोडल्यात."

"राहू दे. गल्लीत वाटून टाकू."

"असं कसं? आल्यावर मला बोलतील." भिमानं डोक्याचा पटका उतरवून खुंटीला लावला. "दोन वर्सं हितं बसून बघितलंय मी. मोठं पातेलं कुटं हाय?"

मास्तरांना पातेलं कुठं आहे ते माहीत नव्हतं. शोधल्यावर ते माळ्यावर सापडलं. दोघं ओसरीवर समोरासमोर बसले. भिमा कणसं सोलत होता. मास्तर एकेक केस वेचून काढत होते आणि कणीस ताटात ठेवत होते. हिरव्या पाल्याचा ढीग वाढत गेला. स्टोव्हवर पाणी उकळलं तशी भिमानं पाच कणसं आत सोडली.

"चार-पाच मिन्टं. त्येच्यावर न्हाय. लगेच गार पान्यात. बरफ हाय नव्हं?"

बर्फ होता. मास्तरांनी ट्रे आणून परातीत उलटा केला. पहिली कणसं त्यांनी उकळत्या पाण्यातून नुसत्या हातानं उचलली. बोटं लाल झाली. भिमानं चटकन चिमटा पुढं केला, पण मास्तर आपल्या बोटांकडं बघत राहिले, ती दुसऱ्याचीच असल्यासारखे.

गार झालेली कणसं फडक्यावर पुसून भिमा सुरीनं दाणे उतरवू लागला. त्याचा हात सफाईदार होता.

"बुडख्यापातुर सुरी न्यायची न्हाय, टणक लागतंय. अक्का आल्या म्हंजी सांगा त्यास्नी, भिमानं बराबर केलंय म्हनून."

"ती येणार नाही, भिमा."

"म्हंजी?"

"ज्येष्ठात लिंगैक्य झाली. झोपेतच."

एसटीची वेळ सांगावी तसं मास्तरांनी सांगितलं. भिमाची सुरी थांबली. स्टोव्ह फुरफुरत होता. भिमा म्हणाला, "मगाशी तर अक्कलकोटला म्हनला."

"म्हणालो खरं."

"का?"

मास्तर विचार करून बोलले. "ती कुठं आहे, असं तीन महिन्यांत कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं. तू विचारलंस, तर तोंडातून अक्कलकोट निघालं."

"बरं वाटलं व्हय तुमाला?"

"काही वाटलं नाही."

भिमा खाली मान घालून रडायला लागला. मोठा, काळाभोर, चाळिशीचा गडी. त्याचे खांदे हलत होते. मास्तरांनी दांडीवरचा टॉवेल काढून त्याला दिला आणि जवळ बसून राहिले. आपल्यालाही आता रडू येईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी वाट पाहिली. आलं नाही.

"पाणी आटतंय," शेवटी ते म्हणाले. "अजून पंचवीस कणसं आहेत."

भिमानं तोंड पुसलं आणि सुरी उचलली. पुढं दोघं कामापुरतंच बोलले. आठ पिशव्या भरल्या. त्यांतली हवा दाबून काढून भिमानं दोऱ्यानं तोंडं आवळली. बर्फाच्या कप्प्यात त्या कशाबशा बसल्या. भिमा संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. जाताना उंबऱ्यापाशी वाकून त्यानं मास्तरांच्या पायांना हात लावला.

मार्गशीर्षात थंडी पडली, तेव्हा मास्तरांनी पहिली पिशवी काढली. मोहरी घातली, मिरची घातली. मीठ जास्त पडलं. पण दाणे कोवळे होते, गोडही होते. ते त्यांना कळलं. ताट पुसून खाल्लं आणि भांडी घासून ठेवली. दुसऱ्या पिशवीला मीठ बेतात पडलं.

आठवी पिशवी माघात संपली. मास्तरांनी फ्रीज बंद केला, कप्प्यातला बर्फ वितळू दिला आणि आतून ओल्या फडक्यानं पुसून घेतला. मग पोस्टकार्ड काढून भिमाला चार ओळी लिहिल्या. तुझा मका चांगला लागला. पुढच्या भाद्रपदात ये, पण पोतं अर्धंच आण. एकट्याला तेवढं पुरतं.

कार्डावरची शाई वाळेपर्यंत ते तिथंच बसले, मग चपला घालून पेटीत टाकायला निघाले.