करवलीची गोळी

तेजश्री सोमवारी दुपारी कुरकुंभला आमच्या कंपनीच्या गेटवर येऊन उभी राहिली, तेव्हा पहिली शिफ्ट सुटत होती. ती न्हावऱ्याची, आमच्या रानाला लागून ज्यांचं रान आहे त्या हौसराव आप्पांची मुलगी. दहा हजार मीटरमध्ये त्या वर्षी, म्हणजे २००५ साली, देशात दुसरी. मी त्याच गावची, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी आणि कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट. एरवी ती मला लांबूनच हाक मारायची. त्या दिवशी तिने नुसता लिफाफा पुढे केला.

"आसमीनताई, हे वाच. मला जे कळलंय तेच आहे का सांग."

पत्र अॅथलेटिक्स महासंघाचं होतं, इंग्रजीत. राष्ट्रीय स्पर्धेत घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात, 'अ' बाटलीत, १९-नॉरअँड्रोस्टेरॉन सापडलं होतं. मिलिलिटरला चार नॅनोग्रॅम, मर्यादा दोन. नॅन्ड्रोलोन नावाचं स्टेरॉइड घेतलं की लघवीत हे उतरतं. त्याच नमुन्याची राखून ठेवलेली 'ब' बाटली तपासून हवी असेल किंवा खुलासा द्यायचा असेल, तर पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी कळवावं. न कळवल्यास दोन वर्षांची बंदी.

"मिळालं कधी?"

"मागच्या बुधवारी. आप्पांनी सही करून घेतलं आणि देवघरात ठेवलं. शिक्का बघून त्यांना वाटलं, परदेशच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. पोरीनंच फोडावं म्हणून वर हळदकुंकू वाहिलं. मी काल पुण्याहून आले."

पत्राच्या कडेला अजून कुंकू होतं. बुधवार मोजायचा की नाही, हे पत्रात लिहिलेलं नव्हतं. मोजला तर मुदत उद्या संपत होती.

आम्ही हायवेच्या कडेला चहाच्या टपरीमागे जाऊन बसलो. मी म्हणाले, "स्पर्धेच्या आठवड्यात काय काय घेतलंस? खोकल्याचं औषधसुद्धा सांग."

"काही नाही." मग चहाचा ग्लास खाली ठेवत, "कोच सरांनी एक इंजेक्शन दिलं होतं. बी-कॉम्प्लेक्स म्हणाले."

"बाटली पाहिलीस?"

"नाही."

मी पुढे काही विचारणार, तेवढ्यात ती खाली बघत म्हणाली, "आणि भावाच्या, विश्वजीतच्या लग्नात आईनं गोळ्या दिल्या होत्या. मी करवली होते ना. माझी तारीख नेमकी हळदीच्या दिवशी येत होती."

नवऱ्यामुलाची बहीण हातात करा घेऊन त्याच्यामागे उभी राहते. तिला पाळी आली तर तिच्या आईने, साखरबाई काकींनी, तिला मांडवात पाऊल टाकू दिलं नसतं. म्हणून त्यांनी शिरूरच्या मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या होत्या. दिवसाला तीन, पाच दिवस. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी शर्यत. सकाळीच पाळी आली आणि ती तशीच पंचवीस फेऱ्या पळाली.

असल्या गोळ्यांत बहुधा नॉरइथिस्टेरॉन असतं. ते शरीरात मोडताना अगदी थोडं १९-नॉरअँड्रोस्टेरॉन तयार होतं, हे मला ठाऊक होतं. चार नॅनोग्रॅम त्यातून येऊ शकतात. इंजेक्शनमधूनही येऊ शकतात.

"नमुना देताना फॉर्मवर लिहिलंस?"

"तिथं दोन पुरुष होते. वर सर. सात दिवसांत कुठली औषधं घेतली, असं विचारलं. सर म्हणाले, लिही निरंक. मी लिहिलं निरंक."

संध्याकाळी दौंडला स्टेशनजवळच्या इंटरनेटच्या दुकानात मी नियम शोधला. लाइन तीनदा तुटली. चौथ्यांदा कागद उघडला. त्यात स्पष्ट होतं: बाईच्या नमुन्यात हे द्रव्य थोड्या प्रमाणात आढळलं, तर नॉरइथिस्टेरॉनपासून होणारं दुसरं द्रव्यही आहे का ते प्रयोगशाळेने पाहावं. गोळीमुळे ते पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. महासंघाच्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. पाहिलंच नव्हतं, की पाहून सापडलं नव्हतं, की अहवालाचं दुसरं पान कुणी पाठवलं नव्हतं? आपल्याकडे तेव्हा मान्यतेची लॅब नव्हती. बाटल्या युरोपात जात.

"मला मागं टाकून जी पहिली आली," तेजश्री माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाली, "ती वर्षभर बाहेरच्या एका देशात सराव करते. तिथं तपासायला कुणी फिरकतच नाही म्हणतात."

"ते आपल्याला माहीत नाही."

"तुला सगळं माहीतच असावं लागतं का गं?"

नियम सगळ्यांना एकच होता. पण ज्या देशांत संघाबरोबर बाई डॉक्टर असते, तिथे ती दर महिन्याला पाळीची तारीख आणि गोळीचं नाव वहीत मांडते. लॅबमध्ये 'ब' बाटली उघडताना तिथली धावपटू गाडीने जाऊन समोर उभी राहते. तेजश्रीकडे पासपोर्टही नव्हता.

मंगळवारी मी रजा टाकली. न्हावऱ्यात पोचायला साडेअकरा झाले. आप्पा ओट्यावरच बसले होते.

"घे आसमीन, तूच सांग. ही म्हणती, नशेची गोळी निघाली. माझी पोर सुपारी खात न्हाई!"

"नशेची नाही, आप्पा." मी काकींकडे पाहिलं. त्या कांदा निवडत होत्या, हात थांबला होता. "लग्नात ज्या गोळ्या दिल्या, त्यांचं नाव लिहून पाठवावं लागेल. आणि कुणी दिल्या, कशासाठी, तेही."

"कसल्या गोळ्या?" आप्पांनी विचारलं. काकींनी पदर पुढे ओढला, तेव्हा त्यांना समजलं आणि ते कांद्याच्या ढिगाकडे बघत राहिले.

"कागदावर न्हाई लिहायचं," काकी म्हणाल्या. "बिनलग्नाची पोर हाय. असल्या गोळ्या कशाला घेतल्या, म्हणून लोक काय काय इचारतील. शिरूरपातुर बोभाटा व्हईल."

"आई, आत्ता पेपरात 'उत्तेजक' असं येणार. त्याचा बोभाटा नाही का?"

"त्यो दोन वर्सांत इसरत्यात लोक. ह्यो न्हाई इसरत."

"दोन वर्षांनी मी पळणारच नाही. तेव्हा मी कोण असेन, सांग."

काकींनी पुढचा कांदा उचलला. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मला बोलणं भाग होतं, आणि अर्धंच बोलणं बरोबर नव्हतं.

"अजून एक आहे. आपण दुसरं द्रव्य तपासायला सांगायचं आणि ते नाही निघालं, तर गोळीचं कारण खोटं ठरेल. मग राहतं ते इंजेक्शन. त्यात काय होतं, आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही."

"म्हंजी तपासलं तर सुटंल, न्हाई तर अजून अडकंल," आप्पा म्हणाले.

"हो."

तेजश्री म्हणाली, "मग इंजेक्शनचंही लिही. मलाही कळू दे."

काकी उठल्या, आत गेल्या. मला वाटलं, संपलं. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि समोर बसल्या. "लिही. मी दिली. पोरीनं मागितली न्हवती. मांडवात हिला उभी करायची व्हती मला. लिही, आईचं नाव साखरबाई. सही येती मला."

पत्र दोन पानांचं झालं. पहिल्या पानावर 'ब' बाटलीत काय काय तपासावं, ते मी इंग्रजीत शब्द मोजून मांडलं, खाली इंजेक्शनची नोंद; दुसऱ्यावर काकींचं म्हणणं, मराठीत आणि खाली भाषांतर. चारची एसटी चुकली. आप्पांनी आम्हा दोघींना मोटरसायकलवर बसवून शिरूरला आणलं.

स्टँडसमोर सावळाराम यांचं एसटीडी-फॅक्सचं दुकान होतं. आत बाकावर चार माणसं नंबर लावून बसलेली. सावळाराम प्रत्येक फॅक्स मशिनला लावायच्या आधी वाचत. तशी त्यांची पद्धतच होती. पावणेपाच वाजले होते. महासंघाचं ऑफिस पाचला बंद होणार आणि मशिन कुणी चालू ठेवून जाईल, याची खात्री नव्हती.

पहिलं पान गेलं. दुसरं अर्ध्यात अडकलं. मशिन पीप-पीप करू लागलं. सावळारामांनी पान ओढून काढलं, सरळ केलं आणि चष्मा वर करून काकींचा मजकूर वाचायला लागले. "काय रं हौसराव, हे गोळीचं काय लिहिलंय? कसली गोळी म्हणायची ही?"

बाकावरची माणसं वळली. आप्पांनी काउंटरवरचा हात मागे घेतला. मी बोलायला तोंड उघडलं.

"पाळी पुढं ढकलायची," तेजश्री म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण दुकानात सगळ्यांना ऐकू गेला. "भावाच्या लग्नात घेतली. सावळारामकाका, सात मिनिटं राहिलीत. पान लावा."

बाकावरचा एक जण खाकरला. सावळारामांनी पान लावलं, नंबर दाबला. पलीकडे रिंग वाजत राहिली. चार, पाच, सहा. मग शिट्टीसारखा आवाज आला आणि कागद हळूहळू आत सरकू लागला. तेजश्री तो शेवटच्या ओळीपर्यंत जाताना बघत होती. मी तिच्याकडे बघत होते. परदेशातल्या त्या 'ब' बाटलीत काय असेल, ते मला अजूनही माहीत नव्हतं.