सहाव्या खुंटीचं अंतर

डॉ. लांगे यांनी तक्त्याच्या सहाव्या ओळीवर पेन्सिलचं मागचं टोक ठेवलं आणि ते तिथून हलवलं नाही. वरच्या पाच ओळींत दोन्ही दुर्बिणी सारख्याच बरोबर होत्या. सहाव्या ओळीत A ने १७८ मीटर दाखवले होते, B ने १८७. खऱ्या अंतराच्या रकान्यात जयंतच्या अक्षरात १७८ होतं. म्हणजे B नऊ मीटरनी चुकली होती.

“तो आकडा उलटा लिहिला गेलाय,” हर्षा म्हणाली. “खरं अंतर एकशे सत्त्याऐंशी आहे. चुकलीय ती A.”

डॉ. लांगे हसले. त्यांचं हसणं वाईट नसे, म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड जाई. आमचे हे आकडे सगळ्याच परदेशी लोकांना छळतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं ते म्हणाले. जर्मनमध्ये आधी सात म्हणायचे आणि मग ऐंशी, त्यामुळे ऐकणारा गोंधळतो. हर्षाने सांगितलं की तिच्या भाषेतही आधी सात आणि मगच ऐंशी येतात, त्यामुळे या आकड्यांचा तिला पहिल्या दिवसापासून कधी त्रास झाला नाही.

“असं? भारतीय भाषेत?” ते कुतूहलाने म्हणाले. “फारच रंजक.” आणि पेन्सिल खिशात ठेवून, लिहिलेलं ते लिहिलेलं, असं त्यांनी जाताजाता सांगितलं.

जर्मनीतल्या येना शहरातल्या या चौदा माणसांच्या कंपनीत, डॉ. लांगेंच्या हाताखाली, इतरांची प्रकाशयंत्रं तपासून देण्याचं काम चाले. शिकाऱ्यांच्या एका स्थानिक संघाला सभासदांसाठी बारा दुर्बिणी एकदम घ्यायच्या होत्या. साध्या नव्हेत, बटण दाबलं की समोरच्या जनावराचं अंतर आत लाल आकड्यांत दाखवणाऱ्या. तीन नमुने आले होते. तिसरा जड म्हणून पहिल्याच आठवड्यात बाद झाला. उरलेल्या दोनांपैकी कोणती घ्यावी, हे डॉ. हर्षा गजभिये यांनी सांगायचं होतं. शनिवारी संघाची सभा होती, आणि शुक्रवारी दुपारी बारापर्यंत अहवालावर तिची सही हवी होती. आज मंगळवार होता.

सात आठवडे तिने दुसरं काही केलं नव्हतं. दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारा प्रकाशाचा ठोका निघतो, जनावरावर आपटून परत येतो, आणि जाऊन येण्याचा वेळ मोजला की अंतर कळतं. एकशे सत्त्याऐंशी मीटरला सव्वा मायक्रोसेकंद. प्रयोगशाळेत A आणि B मध्ये काही फरक नव्हता. फरक बाहेर पडला तो रानात मापासाठी ठोकलेल्या सहा खुंट्यांपैकी सहाव्या खुंटीपाशी, कारण तिथे लक्ष्याच्या नऊ मीटर अलीकडे हेझलचं झुडूप होतं. A झुडपाच्या काटक्यांवरून परतलेला पहिला ठोका धरून बसत होती. B काटक्या सोडून मागचं लक्ष्य धरत होती. नऊ मीटरने गोळी फारशी खाली-वर होत नाही, हे हर्षालाही माहीत होतं. पण झुडूप काही नेहमीच नऊ मीटरवर नसतं. ते साठ मीटर अलीकडे असलं, की A साठ मीटरनी चुकणार होती, आणि हरीण जखमी होऊन रानात पळणार होतं.

मापनाचा दिवस तिला नीट आठवत होता. कंपनीचं भूमापनाचं यंत्र तपासणीला गेलेलं, म्हणून संघाचे वृद्ध शिकारी हेर, म्हणजे श्रीयुत, ट्राउटमान पोलादी फीत घेऊन रानात उभे होते आणि वॉकीटॉकीवर अंतर ओरडून सांगत होते. ती तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून होती. शेजारी जयंत वही धरून होता. झीबेन-उंड-आख्त्सिश. सात आणि ऐंशी. तिने ऐकलं होतं, आणि तेव्हा डोळ्याला लावलेल्या B मध्येही तोच आकडा होता, त्यामुळे वहीकडे बघायचं तिला सुचलं नव्हतं.

जयंत कीर्तने मूळचा पुण्याचा. पाच महिन्यांपूर्वी तिच्या हाताखाली लागलेला, हुशार, जर्मन सफाईदार. बैठकीला पाहुणे आले की ते आधी त्याच्याशी हात मिळवत आणि हर्षाला कॉफीबद्दल विचारत. तो मात्र दर वेळी घाईने सांगे, की बॉस या आहेत.

दुपारी ती त्याच्या टेबलापाशी गेली.

“जयंत, सत्त्याऐंशी म्हणजे किती?”

“काय ताई, परीक्षा घेताय का?” तो हसला. ती हसली नाही. “एटी... एटी-समथिंग. मी इंग्लिश मीडियम ना. आजी चिडायची माझ्यावर यावरून.”

“एटी-सेवन. आणि झीबेन-उंड-आख्त्सिश?”

त्याने आधी हवेत सात काढला आणि मग आठ, आणि त्याचं बोट तिथेच राहिलं.

सुरुवातीला तो टेलिफोन नंबर असेच उतरवून घ्यायचा, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. जसं ऐकू येईल तसं, एकापाठोपाठ एक. लांगे तेव्हा त्याला चिडवायचे. आता मात्र ते विसरले होते, कारण जयंतची जर्मन आता सुंदर होती आणि हर्षाची अकरा वर्षांनंतरही नागपूरकडची होती.

“मला तसंच ऐकू आलं असेल,” जयंत म्हणाला. “नक्की आठवत नाही, ताई.”

“मग तेवढंच सांग लांगेंना. नक्की आठवत नाही म्हणून.”

तो खाली बघून म्हणाला, “माझी प्रोबेत्साइट संपायला तीन आठवडे राहिलेत. आत्ता मी म्हणायचं की मापांचा प्रोटोकोल चुकीचा लिहिला? व्हिसा नोकरीवरच आहे माझा.”

उमेदवारीचे सहा महिने म्हणजे काय हे तिला माहीत होतं. ती रागावू शकली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तिने उज्ज्वलला फोन केला. तिचा नवरा त्सुफेनहाउझेनला मोटारींच्या कारखान्यात होता आणि शुक्रवारी रात्रीच घरी येई. त्याने सगळं ऐकून घेतलं. शिकाऱ्यांना झुडूप दिसत नाही का, त्यांना डोळे आहेत, असं त्याचं म्हणणं पडलं. “सही करून टाक न, हर्षा. कशाला डोक्याला ताप करून घेतेस. बारा दुर्बिणी त्या, पूल थोडीच कोसळून राहिला कुठं.” ती हो म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर गुरुवारच्या रजेचा अर्ज लिहिला.

गुरुवारी सकाळी आठच्या बसने ती हेर ट्राउटमान यांच्या गावी उतरली. पाठीवरच्या पिशवीत A आणि B दोन्ही होत्या. म्हातारा फाटकापाशी हिरव्या कोटात उभा होता. ती एकटीच आलेली पाहून त्याने रस्त्याकडे आणखी एकदा बघून घेतलं आणि हेर कीर्तने नाहीत का, असं विचारलं. नाहीत, ती म्हणाली.

रान नांगरून झालं होतं, खुंट्या उपटलेल्या होत्या. पण ज्यावरून मापं घेतली ते मचाण जागेवर होतं, झुडूप जागेवर होतं, आणि लक्ष्याची फळी ज्या खांबावर ठोकली होती तो खांब शेताच्या कडेला असल्यामुळे नांगरातून वाचला होता. त्यांनी मचाणाच्या शिडीपासून पन्नास मीटरची फीत लावायला सुरुवात केली. ओल्या ढेकळांत तिचे बूट घोट्यापर्यंत रुतत होते. एकदा पन्नास. दोनदा. तीनदा. चौथ्यांदा ट्राउटमान खांबापाशी वाकले, चष्मा कपाळावर सरकवून फितीवरचा आकडा वाचला आणि म्हणाले, सदतीस आणि थोडं वर.

“एकशे सत्त्याऐंशी,” हर्षा म्हणाली.

“मग मी काय सांगितलं होतं?” ते थोडे दुखावल्यासारखे वाटले. “चाळीस वर्षं रानं मोजतोय मी.”

तिने तिथेच, खांबावर कागद टेकून, तारीख आणि अंतर लिहिलं आणि त्यांनी खाली सही केली. मग तिने मचाणावरून त्यांना A मधून बघायला दिलं. लाल आकडा उमटला, एकशे अठ्ठ्याहत्तर. B मधून एकशे सत्त्याऐंशी. त्यांनी दोन्ही पुन्हा पाहिलं. A बराच वेळ हातात ठेवली.

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “पण ही हातात काय छान बसते, बघा. ती दुसरी म्हणजे वीट आहे. पहाटे पाचला गारठलेल्या बोटांनी ती कोण धरेल?”

हर्षाने सांगितलं की फरक फक्त पंचेचाळीस ग्रॅमचा आहे. त्यांनी विचारलं, तुम्ही कधी शिकार केलीय का. नाही. मग हरणाचं मांस तरी खाता का? खाते, ती म्हणाली, पण तुमच्याकडच्यात तिखट नसतं. ते मोठ्याने हसले. त्यांनी तिला थर्मासमधला चहा दिला आणि थंडीत कसं बसायचं ते समजावून सांगत राहिले. शनिवारच्या सभेत झुडपाचं सांगाल का, या तिच्या प्रश्नावर त्यांनी खांदे उडवले. संघाचा अध्यक्ष स्वतः विकत घेतलेली A गळ्यात घालून फिरतोय, ते म्हणाले, आता अहवालात असेल तर त्याला वाचावं लागेल. माझं कोण ऐकतं?

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तिने तो कागद लांगेंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. रजेच्या दिवशी, कंपनीचा दुसरा माणूस हजर नसताना घेतलेलं माप प्रोटोकोल म्हणून धरता येत नाही, हे त्यांनी खेदाने सांगितलं. पण त्यांना वाद नको होता. त्यांच्याकडे उपाय तयार होता: सहावी ओळच काढून टाकायची. ‘मापनबिंदू रद्द’ एवढे शब्द लिहायचे. मग कोणीच चुकलं नाही. तीही नाही, जयंतही नाही.

“आणि A?” हर्षाने विचारलं.

उरलेल्या पाच ओळींत दोन्ही सारख्या होत्या. मग वजन, पकड, कातडी पट्टा. A पुढे गेली. झुडूप फक्त सहाव्या खुंटीपाशी होतं, म्हणून झुडूपही अहवालातून गेलं.

रद्द का केला ते तरी लिहा, ती म्हणाली. लांगे म्हणाले, अहवाल म्हणजे कादंबरी नव्हे, फ्राऊ गजभिये.

“मग मी सही करणार नाही.”

आपला आवाज किती सपाट आला याचं तिला आश्चर्य वाटलं. लांगे रागावले नाहीत. फक्त घड्याळ बघितलं आणि म्हणाले, ठीक आहे, वीकएंड छान जावो.

साडेबाराला टपालाच्या ट्रेमध्ये तिला अहवालाची प्रत दिसली. शेवटच्या पानावर खाली छापलेलं होतं: डॉ. एच. गजभिये, परीक्षक. त्यावरच्या रेषेवर निळ्या शाईत जयंतची सही होती आणि सहीच्या आधी दोन छोटी अक्षरं, i. A. इम आउफट्राग. तिच्या वतीने.

जयंत दारात उभा होता. बहुधा बराच वेळ.

“ते म्हणाले, नुसती फॉर्मॅलिटी आहे.”

“माझ्या वतीने,” ती म्हणाली.

“ताई, मी नाही म्हटलं असतं तर...”

“मला माहीत आहे रे.” तिने प्रत ट्रेमध्ये होती तशी ठेवली. “पण मला येऊन विचारायचं तरी होतंस. मी वरच्या मजल्यावरच बसले होते.”

त्याने बाजूला होऊन तिला वाट दिली.

A संघाकडे जाणार होती. B निर्मात्याकडे परत पाठवायची होती, आणि ते काम तिच्याच यादीत होतं. तिने मऊ ब्रशने भिंगांवरची धूळ काढली, मग वाफ धरून कापडाने मधून कडेकडे पुसलं. खाचेत अडकलेली कालच्या रानातली माती काडीने काढली. दुर्बीण पेटीत बसवली. सोबतच्या छापील चिठ्ठीवर परत पाठवण्याच्या कारणासाठी तीन चौकटी होत्या: सदोष, अयोग्य, नको. तिने एकाही चौकटीत खूण केली नाही. खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं, सहाही बिंदूंवर तपासली, दोष आढळला नाही. तारीख घातली. मग आद्याक्षर न वापरता पूर्ण नाव लिहून सही केली, चिठ्ठी वर ठेवली, खोकं बंद केलं, आणि चिकटपट्टी अंगठ्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश दाबत नेली.