जोडीची सही

"अरे हाइको, जागा आहेस की झोपलास? बॉल तुझा होता!" उल्फ मागून खेकसला.

हाइको ब्रान्डहोर्स्ट पुढे सरकला. पुढचा बॉल त्याने नेटपाशीच ठेचला आणि मॅच संपली. गावच्या टेनिस क्लबातली पन्नाशीपुढच्यांची रविवारची लीग ती, पण उल्फ केसिंग असा नाचला, जणू जग जिंकलं. एके काळी ही जोडी खरंच जगभर खेळली होती. सिंगल्समध्ये दोघांनाही कुत्रं विचारत नव्हतं. डबल्समध्ये मात्र नाव होतं. उल्फ उजवीकडे, हाइको डावीकडे, उभी हयात तशीच गेली.

डबल्समध्ये नाव नोंदवायला जोडीतल्या एकाने सही केली तरी चालते. ती सही कायम उल्फची. एकदा एका नावाजलेल्या स्वीडिश खेळाडूने हाइकोला जोडीदार म्हणून विचारलं होतं. हा हो म्हणायला निघाला, तोवर उल्फ दोघांच्या नावाने सही ठोकून मोकळा! तेव्हा हाइकोने हसण्यावारी नेलं. पण ते तो अजूनही विसरलेला नाही.

आता ग्राझ शहरातल्या एका टेनिस अकादमीने त्याला मुलींना शिकवायला बोलावलं होतं. एकट्याला. उत्तर आजच द्यायचं होतं, आणि त्याआधी उल्फला सांगायचं होतं.

मॅचनंतर पाहुण्या टीमला जेवू घालायचं काम यजमानांचं. क्लबघरात बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज मांडून झालं, बिअर ओतून झाली, तसे म्हातारे अध्यक्ष तोनिएस उठले.

"मंडळी, आनंदाची बातमी! आपली ही जोडगोळी आणखी पाच वर्षं इथंच शिकवणार. उल्फने होकार दिलाय."

"आणि हाइकोने?" एका पाहुण्याने विचारलं.

"त्याचं काय वेगळं असतं होय!"

हशा पिकला, टाळ्या पडल्या. हाइकोने उल्फचा दंड धरून त्याला बाहेर काढलं.

"मला न विचारता?"

"तुला कधी विचारलं होतं?" उल्फ खरोखरच बुचकळ्यात पडला. "अरे, त्या ग्राझच्या अकादमीतल्या बाईंचा काल क्लबात फोन आला होता. मीच सांगून टाकलं, नाही जमायचं. तुला बिचाऱ्याला नाही म्हणणं जड जातं ना."

"मला हो म्हणायचं होतं, उल्फ."

उल्फचा चेहरा खर्रकन उतरला. "मला सोडून?" एवढंच म्हणाला आणि आत गेला.

हाइको संतापला होता. त्याच तिरीमिरीत त्याने ग्राझला फोन लावला.

"बरं झालं तुम्हीच केलात," बाई म्हणाल्या. "केसिंग साहेबांचं मी मनावर घेतलंच नव्हतं. जागा तुमचीच आहे. नुसतं हो म्हणा."

खिडकीतून उल्फ दिसत होता. शेजारच्या खुर्चीवर हात टाकून बसला होता, कुणाला बसू देत नव्हता. हाइकोला त्याची चीड आली आणि कीवही आली.

"ऐकताय ना, ब्रान्डहोर्स्ट साहेब?"

"हो, हो... म्हणजे, एकदा उल्फला विचारतो आणि कळवतो."



"मग राहू द्या," बाई हळूच म्हणाल्या.

फोन बंद झाला, तरी हाइको तो कानाला लावून तसाच उभा होता.