सतराचा भागाकार

रंजना माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि चिदंबर सरांची लाडकी. तिचं हे लाडकं असणं मला तीस वर्षं सलतंय.

तंजावूरच्या राजवाड्यामागे सर दर रविवारी संख्यांचा वर्ग घेत. आम्ही सारे निवृत्त गणितशिक्षक. मोबाइल बाहेर ठेवायचा, भागाकार हातानेच करायचा, आणि मांडणाऱ्याची व तपासणाऱ्याची सही असल्याशिवाय कुठलीही संख्या फळ्यावर चढवायची नाही, असा सरांचा नियम. ऐंशी पूर्ण झाल्यावर, सदाभिषेकाच्या सोहळ्यात, ते वर्ग कुणाकडे तरी सोपवणार होते. तो मला हवा होता. उघडच सांगते.

मध्येच रंजनाने तिची संख्या काढली. ३१, ३३१, ३३३१ असं करत ३३३३३३३१ पर्यंत सगळ्या मूळ संख्या. एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणाऱ्या. पुढची नऊ अंकी ३३३३३३३३१ ही पण तशीच आहे, असं तिचं म्हणणं. त्यासाठी तिने आठ महिने दोन हजारांवर भागाकार केले होते. चार वह्या भरल्या होत्या. सर ऐकूनच खूश. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वह्या तपासायला तिने माझ्याकडेच आणल्या. मी कॉफी दिली, गोड बोलले, आणि ती जाताच पेन्सिल घेऊन बसले. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. मग सतरा. रंजनाने बाकी एक लिहिली होती. मी तीनदा करून पाहिलं. बाकी शून्य. सातव्याच पायरीला घसरली होती, आणि पुढचे सगळे भागाकार वाया.

मला आनंद झाला. इतका, की रात्रीचा स्वयंपाक करताना मी गुणगुणत होते. तिला सांगितलं असतं तर तिने मुकाट्याने वह्या मागे घेतल्या असत्या. मला तिची फजिती चारचौघांत हवी होती. मी शेवटच्या पानावर सही ठोकली आणि नऊ दिवस गप्प राहिले.

सदाभिषेकाला रंजनाने संख्या फळ्यावर लिहिली. सर हसत होते. मी उठून म्हटलं, "सतराने भाग जातो." कुणीतरी लगेच फळ्यावर भागाकार मांडला: १९६०७८४३, बाकी काही नाही. रंजनाच्या हातातला खडू खाली पडला.

सरांनी तिची चौथी वही उघडली आणि शेवटचं पान माझ्याकडे वळवलं. तमिळमधली माझी सही, तारखेसकट. फजितीच्या नादात मी तीच विसरले होते.

रंजनाने हळूच विचारलं, "अक्का, तुला ठाऊक होतं की?"

सर म्हणाले, "चूक केली ती तिने सातव्या पायरीला. तू शेवटच्या पानावर केलीस, भुवना." आणि वर्गाची किल्ली त्यांनी रंजनाच्या हातावर ठेवली.

मी अजून दर रविवारी जाते. रंजना मला अक्काच म्हणते, खुर्ची देते, कॉफी देते. तपासायला वही मात्र कुणी देत नाही.