समाधानची चौकशी

हिंदी मुलखातल्या लालबागेत आत्माराम कडूंच्या गच्चीवर सोलरच्या प्लेटा बसल्या, तेव्हा त्यांच्या बायकोने, चंद्रभागेने, त्या प्लेटांना हळदकुंकू लावलं होतं. बसवणारा तिचाच मुलगा, समाधान. शनवाऱ्याजवळच्या एका दुकानासाठी तो गावभर हेच काम करायचा आणि गिऱ्हाइकांसाठी वीज ऑफिसात सारखे खेटे घालायचा. आईला त्याने सोपं करून सांगितलं होतं. दिवसा उरलेली वीज तारेवरून कंपनीला द्यायची, रात्री कंपनीची घ्यायची, आणि दिली तेवढी बिलातून वजा. "मंग तू बिनघोर मिक्सर चालव," म्हणाला. पुढे थोड्याच दिवसांत इच्छापूरच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकने त्याच्या मोटारसायकलला उडवलं. तो जागच्या जागी गेला.

मग बिलं येऊ लागली, ती पहिल्यासारखीच. दिलेली वीज कुठेच वजा नाही. आत्माराम कागद कारखान्यातून निवृत्त झालेले, घर बरं चाललं होतं. बिलाने कुणी उपाशी मरणार नव्हतं. पण शेजारीच राहणारा धाकटा दीर देवराम एक दिवस ओट्यावर बसून म्हणाला, "पोऱ्यानं घाईघाईत उलटं जोडलं असन काहीतरी. व्हताच तो धांदरट." गेलेल्या माणसाला उलटून बोलता येत नाही, हे असल्या लोकांना बरोब्बर ठाऊक असतं. चंद्रभागेच्या ते जिव्हारी लागलं. आपल्या लेकाचं काम चुकलं नव्हतं, एवढं कुणीतरी जाणत्या माणसाने म्हणावं, याखेरीज तिला काही नको होतं.

आत्मारामांनी वीज ऑफिसात तक्रार नोंदवली. तिथल्या साहेबांनी जागचं न हलता निदान केलं की तुमच्या प्लेटाच वीज बनवत नसतील. कनेक्शनवर मोबाइल नंबर समाधानचा होता, तो तसाच राहिला.

समाधानचा फोन चंद्रभागेने बंद पडू दिला नव्हता. स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून ती तो नेमाने चार्ज करायची. एका दुपारी तो वाजला.

"बिजली दफ्तर से बोल रही हूँ माताजी," एका तरुण मुलीचा आवाज आला. "वो समाधान का पूछना था."

समाधानचं तिथे रोजचं जाणं-येणं, तेव्हा कुणीतरी विचारायचंच. चंद्रभागा म्हणाली, "समाधान तो अब नहीं है, बेटी."

"नहीं? माफ करना माताजी. हम ऊपर बात पहुँचाते हैं."

वर म्हणजे देवाकडे, असंच चंद्रभागेने धरलं. तिने फोनला हात जोडले.

काही दिवसांनी पुन्हा तोच आवाज, तोच प्रश्न. हिने तेच उत्तर दिलं. मग आणखी एकदा. चंद्रभागेला वाटलं, पोरीला अजून पटत नसेल. आपल्याला तरी कुठे पटलंय? नातेवाइकांनी तर समाधानचं नाव काढणंच सोडलं होतं. आत्मारामही तो विषय निघाला की चपला घालून बाहेर पडायचे. आणि ही कोण कुठली परकी पोर, आठवणीने विचारत होती. चंद्रभागेला त्या फोनचा लळा लागला. दुपारची ती आडवी व्हायची, तेही तिने सोडलं. हे मात्र तिने घरात कुणाला सांगितलं नाही.

होळीच्या सुमाराला वीज ऑफिसातून प्रतिभा नावाच्या इंजिनिअर बाई आल्या. गच्चीवर गेल्या, मीटर उघडलं, बराच वेळ वाकून बघत राहिल्या. खाली येऊन म्हणाल्या, "काकू, वायरिंग एकदम चोख आहे. असं काम कमी बघायला मिळतं. मीटरपण बराबर आहे. गलती आमची आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तुमचं मीटर अजून साधंच दिसतंय, म्हणून बाहेर गेलेली वीज कुणी वाचलीच नाही. मागचं सगळं वजा करून देतो."

चंद्रभागेने ते त्यांना पुन्हा सांगायला लावलं. मग देवरामला हाक मारून बोलावलं आणि त्याच्यासमोर आणखी एकदा. देवराम मान खाली घालून चहा प्यायला आणि निघून गेला.

"तुम्ही मागे हटला नाहीत म्हणून हे झालं," प्रतिभाबाई कौतुकाने म्हणाल्या. "आमचे लोक तक्रार मिटवल्याचं लिहून मोकळे होतात. मग फोन जातो, समाधान हुआ क्या? लोक कंटाळून हो म्हणून टाकतात. तुम्ही दर वेळी सांगितलं, समाधान नहीं है. म्हणून तक्रार एकेक पायरी वर जात माझ्याकडे आली."

चंद्रभागेने स्वयंपाकघरातल्या फळीकडे मान वळवली. ऑफिसच्या हिंदीत समाधान म्हणजे तक्रार मिटणं. तिच्या घरात समाधान एकच होता.

"तू काय समजली व्हती वं?" आत्मारामांनी हळूच विचारलं.

"मले वाटलं, ते पोरगी आपल्या समाधानले इचारते."

प्रतिभाबाईंना काही उमगेना. आत्मारामांनी कसंबसं सांगितलं, "आमचा मुलगा. हे त्यानंच बसवलेलं." बाईंनी कप खाली ठेवला. मग त्यांना निघावंसंही वाटेना आणि बसवेनाही.

पुढचं बिल दुरुस्त होऊन आलं. त्याच दुपारी फोन वाजला. "माताजी, समाधान हुआ?"

नाही म्हटलं तर फोन येत राहतील, हे आता चंद्रभागेला कळलं होतं. पण नाही म्हटलं तर तिकडे नोंद होणार, की काम अजून बिघडलेलंच आहे. देवरामसारख्यांना तेवढंच पुरे. पोरीने दोनदा हॅलो हॅलो केलं.

"हो गया, बेटी," ती म्हणाली. "उसका काम अच्छा था."

"धन्यवाद माताजी. शिकायत बंद कर रही हूँ. अब आपको फोन नहीं आएगा."

फोन कटला. तरी चंद्रभागेने तो कानापासून काढला नाही. आत्माराम दारातून म्हणाले, "ठेव आता तो."

"ठेवते," ती म्हणाली. "पन आता त्याले कोन इचारीन?"