परक्या नंबरचा फोन

भाविका मॅडमचं एक होतं, काम हातात घेतलं की जीव ओतायच्या. डिसेंबरात नंदुरबारच्या प्रशिक्षणातून परतल्या आणि त्याच आठवड्यात मोलगीजवळच्या आपल्या शाळेत त्यांनी सातवीला बजावलं, "आता मशीन कुणाचाही आवाज हुबेहूब काढतं. परक्या नंबरवरून घरच्या माणसाचा रडवेला आवाज आला, तर घाबरायचं नाही. घरात एक खुणेचा शब्द ठरवा. तो सांगता आला नाही, की फोन कट, नंबर ब्लॉक!" पोरांनी घरोघरी शब्द ठरवलेही. मॅडम भलत्याच खूश.

आता चुकलं कुठं म्हणाल, तर बाई तापीकाठच्या, भरल्या घरातल्या. त्यांच्याकडे माणशी एक मोबाइल. इथल्या पाड्यांवरची निम्मी माणसं दिवाळी झाली की गुजरातेत ऊसतोडीला जातात. फडात चार्जिंग नाही, बॅलन्स नाही. मग ट्रकवाल्याचा, दुकानदाराचा, ज्याचा मिळेल त्याचा फोन मागून घरी लावतात. अहो, परक्या नंबरवरूनच घरचा आवाज येतो इथं! एवढी साधी गोष्ट, पण मॅडमच्या डोक्यात आली नाही, आणि प्रशिक्षणवाल्यांच्या तर नाहीच नाही.

जानेवारीत एका सोमवारी रिना वर्गात उभी राहिली. हुशार पोर. "मॅडम, काल मला खोटा फोन आला! बाचा आवाज काढला होता, अगदी आमच्या पावरी बोलीत, धापा टाकत. मी शब्द विचारला. त्याला येईना. मी कट केला, ब्लॉकपण केला."

"शाब्बास गं माझी वाघीण!" मॅडमनी साऱ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी जीपमधून नवलसिंगला आणलं, रिनाच्या बापाला. तीन दिवस तापाने फणफणत फडावरच्या खोपटात पडून होता, सोमवारी पहाटे संपला. खुणेचा शब्द ठरला डिसेंबरात, आणि तो ऊसतोडीला निघाला दिवाळीच्या पाठोपाठ. त्याला शब्द सांगणार कोण?

मॅडम रिनाच्या पाड्यावर पोचल्या. वाटेत शंभरदा मागे फिरावंसं वाटलं. रिनाची आई कमलीबाई दाराशी बसली होती. तिने मोबाइल पुढे केला.

"सोबतचा करमसिंग म्हणतो, रिनाच्या बाने ट्रकवाल्याच्या फोनवरून घरी लावला होता. मला तर आला नाही. तू शिकलेली आहेस. बघ गं यात."

रिना आईच्या मागे उभी होती, डोळे मॅडमवर. ब्लॉक केलेल्या यादीत एकच नंबर होता. नाही दिसत काही, असं म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण मग हे ओझं त्या पोरीने जन्मभर एकटीने वाहायचं का?

"आला होता, कमलीबाई," मॅडम म्हणाल्या. "रिनाने उचलला. पण असा फोन खोटा असतो, कट करायचा, हे मी शिकवलं होतं. तिची काही चूक नाही. माझी आहे." एवढं बोलून त्या ढसाढसा रडायला लागल्या.

कमलीबाईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोरीला पुढे ओढलं, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि पावरीत विचारलं, तेवढं मॅडमनाही समजलं.

"काय म्हणत होता तो?"

रिनाला हुंदका आवरेना. "काही नाही गं. एवढंच म्हणत होता, आईला दे."